आमची वाटचाल : आधी जुना पार्ट हातात, मग बिल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी लेथ टाकला तेव्हा त्यांच्याकडे शेतावरची ऑइल इंजिनं यायची. बोअर मारणं, स्लीव्ह बसवणं, क्रँक ग्राइंडिंग ही रोजची कामं. उसाला पाणी थांबवून चालत नाही, म्हणून जो भाग दुरुस्त होतो तो दुरुस्तच करायचा, ही इथली रीत. मी त्याच शेडमध्ये कारचं काम सुरू केलं ते ही रीत घेऊनच.

गाडीमालक मोठ्या बिलाने हबकतो हे खरं, पण त्याला जास्त सलतं ते पैसे नेमके कशाचे गेले हे न कळणं. म्हणून पहिल्यापासून आम्ही जॉब कार्डवर अंदाजे खर्च लिहून सही घेतो. खोलल्यावर आणखी काही निघालं तर आधी फोन, मग पाना. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवतो. नेहमीचे लोक म्हणतात, "मिस्त्री, ही जुनी बेअरिंगं घेऊन मी काय करू?" काही करू नका, पण एकदा बघा.

धंद्याला वळण दिलं ते स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने. मुद्रा कर्ज काढून चांगला स्कॅनर घेतला, तेव्हा आजूबाजूच्यांना तो नसता खर्च वाटला. पुढे गडहिंग्लजचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. चेक इंजिनचा दिवा, कोड पी०४२०. हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाकडे बोट दाखवतो. दुसरीकडे त्यांना तोच बदलायला सांगितलं होतं, म्हणजे फार मोठा खर्च. आम्ही सेन्सरचं चालू रीडिंग पाहिलं, धूर सोडून गळती शोधली. एक्झॉस्टच्या जोडावरचं गॅस्केट फुटलं होतं. बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर चुकीचं वाचत होता. गॅस्केट बदललं, दिवा गेला. कोड म्हणजे सेन्सरला काय दिसलं ते. कुठला पार्ट खराब आहे हे तो सांगत नाही, ते शोधावं लागतं. या शोधण्याची मजुरी आम्ही वेगळी लावतो, आणि ती द्यायला ग्राहकाने कचरू नये असं मला मनापासून वाटतं. अंदाजाने बदललेला एक पार्ट त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

वडिलांची रीत आजच्या गाड्यांनाही लागू पडते. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करत नसेल तर बऱ्याचदा कार्बन, बेअरिंग किंवा रेग्युलेटर गेलेला असतो; अख्खा अल्टरनेटर लागत नाही. चाक धरून ठेवणारा लोअर आर्म सरळ असेल आणि त्यातली नुसती रबरी बुश फाटली असेल, तर प्रेसवर नवी बुश बसते. पण ब्रेक पॅड, स्टिअरिंगचे जोड, एअरबॅग इथे आम्ही एक रुपया वाचवायला तयार नाही. इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तसंच. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला तो बदलायचाच, कारण तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. बेल्टमागेच वॉटर पंप असेल तर तोही तेव्हाच बदलावा. खोलायची मजुरी एकदाच पडते.

सुट्या भागांबाबत लोक विचारतात, कंपनीचाच घ्यायचा का? बरेच पार्ट कार कंपनी स्वतः बनवत नाही. ते बनवणाऱ्याच्या खोक्यात तोच दर्जा कमी किमतीत मिळतो; मात्र बिल घ्या, खोक्यावरची किंमत बघा. बाहेरच्या गॅरेजना पार्ट मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. आमच्यासारख्यांसाठी तो निर्णय फार मोलाचा होता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के जीएसटीतले सुटे भाग १८ टक्क्यांवर आले, तेव्हा जुन्या दराचं इस्टिमेट हातात असेल तर नवं मागून घ्या.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, व्हीनस कॉर्नरला पाणी. ओसरल्यावर एकेक गाडी टो होऊन येऊ लागली. ज्यांनी चावी फिरवली नव्हती त्यांची इंजिनं बहुतेक वाचली. आम्ही बॅटरी काढली, प्लग आणि इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी उपसलं, हाताने क्रँक फिरवून पाहिला, इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, वायरिंगचे सॉकेट एकेक करून सुकवले. ज्यांनी स्टार्टर मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. अशा नुकसानीचा दावा साध्या विमा पॉलिसीत सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण लागतं. जुलै २०२१ ला पूर पुन्हा आला, तोवर आमच्या ग्राहकांना हे तोंडपाठ होतं. नदीकाठी राहणाऱ्याने हे ॲड-ऑन घ्यावंच.

विम्याचंच आणखी एक. बंपर घासला की लगेच क्लेम करू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. समजा तो हप्ता १२,००० आहे. एका क्लेमने पुढच्या वर्षी ६,००० ची सूट जाते, आणि बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढू लागतो. झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापणारं ॲड-ऑन नसेल तर प्लास्टिकच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, त्यातून सक्तीचे १,००० किंवा २,००० वजा. असा हिशोब आम्ही कागदावर मांडून देतो, आणि बरेच जण बंपर रंगवून घेऊन जातात.

सध्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांचं काम वाढलंय. रोज घर ते राजारामपुरी एवढीच फेरी असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ती जळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी कागलच्या दिशेने हायवेवर एकसारख्या वेगात चालवून आणा. तरी दिवा गेला नाही, तर त्याच आठवड्यात दाखवा; तेव्हा स्कॅनरवरून सफाई होते. महिनाभर तशीच दामटलेली गाडी आली, तर मात्र नव्या फिल्टरचं इस्टिमेट द्यावं लागतं.