पहाटे साडेचारनंतरची झोप

एका काकूंची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढते. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्रपाळी. पेशंटला वायरी लावायच्या आणि शेजारच्या खोलीत बसून सकाळपर्यंत स्क्रीन बघायचा.

काकू पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, मान बारीक. घोरतात का विचारलं तर सोबत आलेले काका म्हणाले, छे, ही झोपतच नाही तर घोरणार कुठून. बरीच वर्षं झोपेची गोळी चालू. फाईलवर कुणीतरी कधीतरी 'निद्रानाश' लिहिलेलं आणि एकदा लिहिलं की पुढचा प्रत्येक जण तेच उतरवून काढतो. झोपेत श्वास अडतो का हे बघायची, घरी करायची टेस्टही झालेली, नॉर्मल. त्यात काय असतं, नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. मेंदूच्या वायरी नसतात, त्यामुळे माणूस झोपला होता की छताकडे बघत पडला होता हे त्या मशीनला कळतच नाही, ते सगळे तास झोपेचेच धरून भागाकार करतं. जाड मानेच्या, दणदणीत घोरणाऱ्या माणसासाठी टेस्ट चांगलीच आहे, पण रात्रीतला बराच वेळ जाग्या असणाऱ्या बाईला ती कुणी आणि का लिहून दिली, देव जाणे.

वायरी लावायला पाऊण तास तरी जातो. बाहेरच्यांना वाटतं चिकटवलं की झालं. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, त्या अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या, मग कानापासून कानापर्यंत परत तेच, प्रत्येक खुणेवरची कातडी घासून पेस्ट लावायची आणि विजेचा अडथळा पाच किलोओहमच्या खाली येईपर्यंत सोडायचं नाही. मग डोळ्यांच्या कडेला, नडग्यांजवळ, छातीवर, आणि हनुवटीवर, जिथली वायर लोक घाईत कशीही लावतात. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच असतं, कारण रेम झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत, शरीराचे स्नायू ढिले पडतात, हनुवटीची रेषा सपाट होते, आणि तीच रेषा गचाळ असेल तर रेम आहे का नाही यावर सकाळी स्कोअरिंग करणाऱ्याने, म्हणजे रेषा वाचून झोपेचे टप्पे ठरवणाऱ्याने, काय अंदाज बांधायचा? शेवटी डोळे मिटा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा, श्वास रोखा, पाऊल हलवा, एवढं करून घेतलं आणि साडेदहाला दिवे बंद.

कागदावर स्प्लिट नाईट लिहिलेली. म्हणजे पहिल्या दोन तासांच्या झोपेत श्वास फार वेळा अडला तर उरलेल्या रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावून प्रेशर ठरवायचं. दोन तासांत कसलं काय, एकदम स्वच्छ. काकू कुशीवर, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९५-९६ टक्के, मध्येमध्ये जाग. साडेतीनपर्यंत रेम आली तीही तुकड्यातुकड्यात, त्यात थोडी गडबड दिसली पण फार नाही.

चार पंचवीसला काकू उठून बसल्या. "डोळ्याला डोळा नाही लागला, काढ बाई हे सगळं, घरी जाते."

इथे बहुतेक जण काढतात. झोपेचे चार तास मिळालेत, पेशंट स्वतःच म्हणतोय, सकाळी खोली रिकामी हवी असते आणि स्टाफला घर दिसत असतं. पण रेमचे लांब टप्पे रात्रीच्या शेवटी येतात, तेवढाच भाग गाळून टेस्ट संपवणं म्हणजे शेवटचा पेपर न घेताच निकाल लावणं. शिवाय काकू रात्रभर कुशीवर होत्या, आणि उताण्या झोपेतली रेम बघितल्याशिवाय टेस्ट पूर्ण झाली असं मी तरी मानत नाही. म्हटलं, काकू, झोप नाही आली तर नको येऊ दे, नुसत्या पडून राहा सहापर्यंत, जमलं तर पाठीवर. कुरकुरत पडल्या.

चार पन्नासला झोपल्या. पंधरा-वीस मिनिटांत हनुवटी सपाट, डोळ्यांच्या रेषा झटके मारायला लागल्या, आणि नाकातून येणाऱ्या हवेची रेषा गेलीच. छातीचा पट्टा वर जातोय तेव्हा पोटाचा खाली, म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे पण घसा बंद. पंधरा सेकंद, वीस सेकंद, मग मेंदूच्या वायरींवर छोटीशी जाग, दोन-चार श्वास, की परत बंद. सॅच्युरेशन ९४ वरून ८८, मग ८४, एकदा ७९. आणि या सगळ्यात आवाज म्हणावा तर नाहीच. काकांना रात्रभर जागं बसवलं असतं तरी त्यांना काही ऐकू आलं नसतं.

सहाला वायरी काढताना काकूंनी विचारलं, "झोपले का गं मी?" मला माहीत होतं की एकूण पाच तास वीस मिनिटं झोपल्यात, आणि शेवटच्या तासात काय झालंय तेही. पण टेक्निशियनने निदान सांगायचं नाही हा नियम आहे. नियम बरोबरच आहे, तरी तेव्हा "डॉक्टर सांगतील" म्हणताना जीभ जड होते.

रिपोर्टवर एएचआय ९.४. म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास अडण्याचं प्रमाण, पाचच्या खाली नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तीसच्या वर गंभीर. तर काकू 'सौम्य'. एकूण ५० वेळा श्वास अडला त्यातले ४४ रेममध्ये, आणि रेम होती सगळी मिळून साठ मिनिटं. म्हणजे त्या एका तासापुरतं बघितलं तर ४४, चांगलंच गंभीर, बाकीच्या चार तास वीस मिनिटांत मिळून सहा. साडेचारला वायरी काढल्या असत्या तर एएचआय साडेतीनच्या आत आला असता आणि काकू नॉर्मल ठरून परत त्याच गोळीवर गेल्या असत्या. पहिल्या डॉक्टरांनी पहिलं पान बघून 'सौम्य आहे, वजन कमी करा' लिहिलं. वजन! त्या काकूंना! मग सिनियर मॅडमनी रात्रीचा पूर्ण आलेख उघडला, गप्पपणे दोन मिनिटं बघितला आणि सीपॅपची टायट्रेशन, म्हणजे योग्य प्रेशर ठरवायची रात्र, लिहिली, गोळीही हळूहळू कमी करायचं ठरवलं.

टायट्रेशन सरळ गेली. प्रेशर चारवरून सुरुवात, नाकापुरता छोटा मास्क, तोंडातून थोडी हवा गळत होती ती हनुवटीचा पट्टा नीट केल्यावर थांबली, उताण्या रेममध्ये नऊवर श्वास स्थिर. काकू सकाळी म्हणाल्या, आज स्वप्नं फार पडली.

इथे केस संपायला हवी होती. पण परवा त्यांच्या घरच्या मशीनचं कार्ड आलं, वापराची नोंद असते ते. वापर रोज सरासरी चार तास, मशीन चालू असतानाचा एएचआय एकच्या खाली. चार तास वापर म्हणजे आमच्याकडे 'चांगला वापर' धरतात, हिरवी खूण, सगळे खूश. मी वेळा बघितल्या. दहा-साडेदहाला मास्क लावतात, अडीचच्या सुमारास बाथरूमला उठतात, तेव्हा काढतात आणि परत लावत नाहीत. म्हणजे ज्या तासांत फारसं काही होत नाही तेव्हा मशीन चालू, आणि पहाटे, जेव्हा घसा बंद होतो, तेव्हा मास्क उशाशी पडलेला. थकवा आहे तसाच आहे म्हणतात, का नसणार?

मॅडमना वेळांसकट दाखवलं, त्यांनी काकूंना बोलावून घेतलं आणि रात्रीचा आलेख समोर धरून समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग मी आधीचे चार तास लावतच नाही, बाथरूमहून आल्यावर लावते. चालेल?"

रात्रभर लावा, हेच उत्तर आहे आणि मॅडमनी तेच दिलं. पण अडीचला एकदा मोडलेली झोप, त्यात तोंडावर हवा घेऊन परत झोप लागायची, हे बरीच वर्षं गोळी घेतलेल्या बाईला जमेल का? नाही जमलं तर पहाटेचेच चार तास, पहिल्या चारांपेक्षा तिच्यासाठी जास्त कामाचे नाहीत का? कार्डवर दोन्हीला हिरवीच खूण येणार आहे. पुढचं कार्ड महिनाभराने.