लोणार : खाऱ्या सरोवराभोवतीची गोड्या पाण्याची तीर्थे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बहुतेक प्रवासी काठावरूनच पाहतात आणि तासाभरात परतीच्या वाटेला लागतात. लोणारचे खरे स्वरूप मात्र विवरात उतरल्याशिवाय कळत नाही, असे आमचे ठाम मत झाले आहे. पूर्ण दिवस हाताशी असेल, तरच तेथे जावे.

अशनी आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेली आणि इतक्या चांगल्या स्थितीत टिकलेली विवरे जगात फार थोडी आहेत. या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, तर खोली सुमारे 150 मीटर आहे. वयाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. काठावर उभे राहिल्यावर कडेचे खडकांचे थर बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. आघाताने जमीन कशी उचलली गेली असेल, याची कल्पना तेथेच येते.

आम्ही थंडीच्या सुरुवातीला गेलो आणि सकाळी लवकर धारेवर, म्हणजे गोमुखाजवळ पोहोचलो. विवराच्या वरच्या अंगाला कड्यातून गोड्या पाण्याची बारमाही धार दगडी कुंडात पडते आणि भोवती मंदिरांचा समूह उभा आहे. जवळच सीतान्हाणी नावाचे कुंड आहे. पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत येऊन या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. तेच पाणी पुढे सरोवरात मिसळते; पण तेथून बाहेर पडायला त्याला वाट नसल्याने त्याची केवळ वाफ होते आणि क्षार मागे राहतात. म्हणूनच वर तीर्थ आणि खाली अत्यंत अल्कधर्मी खारे पाणी, असा विलक्षण शेजार येथे पाहायला मिळतो. विवरातील अनेक जुनी मंदिरे या गोड्या पाण्याच्या आधारानेच वसली असावीत, असे ती वाट चालताना वारंवार वाटत राहिले.

धारेपासून खाली जाणारी वाट दाट झाडीतून जाते. वानरे आणि मोर हमखास दिसतात. वाटेत लागणाऱ्या रामगयेसारख्या मंदिरांच्या भिंतींत वडा-पिंपळाची मुळे शिरलेली आहेत आणि कोरीव दगड पाचोळ्यात पडलेले आहेत. त्यांवर चढू नये, बसूही नये. सरोवराच्या काठाजवळ येताच सडक्या अंड्यांसारखा उग्र वास येतो आणि पाण्याच्या कडेला शेवाळाचा हिरवा पट्टा दिसतो. आमच्या मार्गदर्शकाने थोडेसे पाणी तळहातावर घेऊन त्यात हळदीची चिमूट टाकली आणि पाणी अल्कधर्मी असल्याने ती बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. जून 2020 मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सारे सरोवरच गुलाबी झाले होते, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

अलीकडच्या काळात सरोवराची पातळी वाढून पाणी काठच्या मंदिरांपर्यंत पोहोचले आहे. नवरात्रात जिची यात्रा भरते त्या कमळजा देवीचे मंदिर आम्हाला दुरूनच पाहावे लागले. त्यामुळे कोणती वाट खुली आहे, याची चौकशी वनविभागाच्या चौकीवर केल्याखेरीज उतरू नये. हा अभयारण्याचा भाग असल्याने प्लास्टिक आणि खाद्यपदार्थ खाली नेणे टाळावे. पिण्याचे पाणी मात्र भरपूर बरोबर ठेवावे. पायांत चांगली पकड असलेले बूट असावेत. चढण दमवणारी आहे, म्हणून उन्हे तापण्यापूर्वी वर यावे आणि एप्रिल-मे महिन्यांत हा बेत करूच नये.

दुपार गावातील दैत्यसूदन मंदिरासाठी राखून ठेवावी. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा या स्थळाशी जोडलेली आहे. तारकाकृती विधानाच्या, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या तळआराखड्याच्या या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे मन गुंतवून ठेवतात. पण आम्ही सर्वाधिक वेळ घालवला तो सभामंडपातील छताखाली. तेथे अंधार असल्याने हातात विजेरी हवीच. पुढे अंबर तळ्याकाठी मोठा मारुती आहे. ही मूर्ती निद्रिस्त अवस्थेतील असून तिच्या शिळेजवळ होकायंत्राची सुई विचलित होते.

रेल्वेने येणाऱ्यांना जालना स्थानक सोयीचे असून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी मेहकरला उतरावे. मेहकरचे शारंगधर बालाजी मंदिर त्याच फेरीत पाहून होते. जालन्याकडे परतताना वाटेत सिंदखेडराजा लागते. तेथील जिजाऊंचे जन्मस्थान आणि लखुजी जाधवरावांची भव्य समाधी पाहण्यासाठी किमान दोन तास ठेवावेत. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त तेथे प्रचंड गर्दी होते, तेव्हा वास्तू निवांत पाहायच्या असतील तर दुसरा दिवस निवडावा.