वाईच्या घाटांचं पान आणि माझी तडीपारी

२०२१ च्या मे महिन्यात मी मराठी विकिपीडियावर खातं उघडलं आणि अकराव्या दिवशी तडीपार झाले, म्हणजे माझ्यावर संपादनबंदी आली. त्या वेळी मला तो अपमान वाटला होता. आता त्याबद्दल शांतपणे लिहिता येतंय. तिथे पहिल्याच आठवड्यात अडखळून निघून गेलेले बरेच जण मला माहीत आहेत, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगते.

मी वाईची. कृष्णेवर आमच्या गावाला सात घाट आणि प्रत्येक घाटाचा वेगळा कृष्णाबाई उत्सव. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चालतं, त्या गावच्या घाटांवर विकिपीडियात जेमतेम चार ओळी होत्या. त्यातही ढोल्या गणपतीचं देऊळ कुणी बांधलं, याचा पत्ता नव्हता. आमच्या आळीच्या उत्सवाच्या स्मरणिकेत बाबांनी पूर्वी एक लांब लेख लिहिला होता. घाटांची नावं, पालख्यांचा क्रम, नवसाची कथा, सगळं त्यात होतं. तीन संध्याकाळी बसून मी तो अख्खा लेख टंकला आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं. त्या रात्री मला फार आनंद झाला होता.

सकाळी पान पुन्हा चार ओळींचं. पानाच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या नोंदीत, एका प्रचालकांनी (मजकूर लपवण्याचे, बंदी घालण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांनी) शेरा लिहिला होता, ‘प्रताधिकारित मजकूर, जसाच्या तसा’, म्हणजे कॉपीराइट असलेलं लेखन तसंच उचललंय. स्मरणिकेतला तो लेख आळीतल्या कुणीतरी आधीच इंटरनेटवर चढवला होता, आणि माझा मजकूर त्याच्याशी शब्दाला शब्द जुळत होता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की माझ्या बाबांचं लेखन कुणीतरी पुसलंय. मी बदल उलटवला. त्यांनी परत काढला. मी परत घातला. तिसऱ्या वेळी बदलांच्या आढाव्यात, म्हणजे बदलासोबत शेरा लिहायच्या चौकटीत, लिहिलं, ‘हे माझ्या वडिलांचं आहे, काढणारे तुम्ही कोण?’ ते वाक्य पानाच्या इतिहासात आजही आहे. नंतर प्रचालकांनी त्या आवृत्त्यांमधला मजकूर लपवला, पण माझा शेरा तसाच राहिला.

माझ्या चर्चा पानावर, म्हणजे इतरांनी मला निरोप लिहायच्या पानावर, तोवर तीन संदेश येऊन पडले होते. पहिला स्वागताचा, पुढचे दोन इशाऱ्याचे. मी एकही वाचला नव्हता. वर घंटेच्या चिन्हाशेजारी लाल आकडा दिसत होता, पण तो माझ्यासाठी आहे हेच मला माहीत नव्हतं. नव्या माणसाला लेखाचं पान तेवढं दिसतं. त्याच्यामागे चर्चेचं पान असतं, इतिहास असतो, कच्चं लिहून बघायला धूळपाटी असते, सगळ्यांनी मिळून बोलायला चावडी असते, हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. साच्यातून, म्हणजे आधीच तयार असलेल्या मजकुरातून, आलेले ते इशारे नियमाला धरूनच होते. पण ते एखाद्या कार्यालयाच्या नोटिशीसारखे दिसतात, आणि आपल्याला नोटिशीची सवय अशी की वाचण्याआधीच भांडायला उभं राहावं.

चोवीस तासांसाठी मला संपादन बंद झालं. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी आकडाच ठरलेला आहे. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं, की तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी बंदी येऊ शकते. कोण बरोबर हे तिथे बघत नाहीत, ओढाताण थांबवायला बघतात. बंदी शिक्षा म्हणून नसते, पुढची मोडतोड टाळण्यासाठी असते, हे तत्त्वही तिथे लिहून ठेवलेलं आहे. हे आधी वाचलं असतं तर मी त्या रात्री जे केलं ते केलं नसतं.

त्या रात्री मी दुसरं खातं उघडलं आणि तोच मजकूर पुन्हा चिकटवला.

अर्ध्या तासात ते खातं कायमचं बंद झालं आणि माझ्या मूळ खात्याची बंदी एक आठवड्यावर गेली. कोण कुठल्या अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) लिहितंय हे पाहण्याचा अधिकार साध्या प्रचालकांना नसतो. पण इथे तो लागलाच नाही, कारण मजकूर तोच, पान तेच, रागही तोच. सगळ्यात वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. माझी मुलगी कॉलेजच्या कार्यशाळेसाठी घरच्या वायफायवरून एक लेख लिहायला बसली, तर तिलाही संपादन करता येईना. बंदी घातलेल्या माणसाचा अंकपत्ता आपोआप चोवीस तास अडवला जातो, आणि त्याच जोडणीवरचे बाकीचे लोकही त्यात अडकतात. “आई, तू काय केलंस?” तिने विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

तिनेच मला दाखवलं, की बंदी असली तरी सहसा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं. मी बंदी उठवण्याची विनंती लिहिली. दीड पान! त्यात प्रचालकांचा आकस, बाबांचं वय, माझी तीन संध्याकाळची मेहनत, सगळं होतं. विनंती नाकारली गेली. पण नाकारताना त्या प्रचालकांनी साचा न वापरता स्वतः चार ओळी लिहिल्या. ‘ताई, लेख तुमच्या वडिलांचा असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते मला इथून कळायचा मार्ग नाही. आणि विकिपीडियावरचा मजकूर कुणीही उचलू शकतो, बदलू शकतो, विकूसुद्धा शकतो. वडिलांची याला संमती आहे का, एवढं त्यांना विचारा.’

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. इथून पुढे माझं सगळं बदललं, असं मी मनापासून सांगते.

बाबांना विचारलं. लेखकाला आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळा करता येतो. त्यासाठी त्याने स्वतः ईमेल करायची असते आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक ती तपासून नोंद ठेवतात. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. “माझ्या वाक्यांत कुणी हात घातलेला मला चालायचा नाही. माहिती काय, ती गावाची आहे. ती घे आणि तुझ्या शब्दांत लिही.” त्या आठवडाभरात प्रताधिकाराबद्दल मी जे काही वाचलं होतं, ते बाबांनी एका दमात सांगून टाकलं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. पण तो त्याच्या शब्दांवर, मांडणीवर असतो. कुठल्या आळीत कुठला घाट, यावर कुणाचाच हक्क नसतो.

दुसरी विनंती पाच ओळींची झाली. मी काय केलं, ते का चुकलं, दुसरं खातं माझंच होतं, आता मजकूर आधी धूळपाटीवर लिहीन. बंदी संपायला दोन दिवस असताना ती उठवली गेली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते टंकण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ चा, त्यामुळे त्यावर आता कुणाचा हक्क नाही. वाईची माहिती त्यात आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं, हे वाक्य मी संदर्भासह घातलं आणि ते टिकलं. सातही घाटांची नावं टिकली. मग आली नवसाची कथा. अफजलखान वाईला असताना, १६५९ मध्ये, स्वराज्यावरचं संकट टळावं म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून उत्सव सुरू झाला, असं आमच्याकडे सांगतात. मी तसंच लिहिलं, ‘असे सांगतात’. दुसऱ्या एका सदस्यांनी चर्चा पानावर विचारलं, “कोण सांगतं? कुठे छापलंय?”

माझी आजी सांगायची. घाटावर बसून, पाण्यात पाय सोडून सांगायची. पण आजी संदर्भ होऊ शकत नाही. हे मान्य करायला मला बंदीपेक्षा जास्त त्रास झाला, आणि अजूनही हा नियम मला पूर्ण पटलेला नाही. आपल्याकडचं कितीतरी ज्ञान छापलं गेलेलंच नाही, ओव्यांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ते ज्ञानकोशाच्या दाराबाहेर राहतं. मात्र दार सताड उघडं टाकलं तर काय होईल तेही मी आता रोज पाहते. प्रत्येक गावाचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं निघेल, आणि कुठल्या गावाचं खरं हे ठरवणार कोण?

हल्ली रात्री जेवणं झाली की मी ‘अलीकडील बदल’ चाळते. उत्पात करणारे थोडे असतात. शिवी लिहिली, पान कोरं केलं, आणि गेले. बाकीचे बहुतेक माझ्यासारखे. कुणी शाळेचं माहितीपत्रक चिकटवतं, कुणी ग्रामदैवताच्या पुस्तिकेतली चार पानं. तो मजकूर मी काढते, तिथे सूट नाही. पण साचा लावून थांबत नाही, खाली माझ्या शब्दांत दोन ओळी लिहिते. काय काढलं, का काढलं, आणि त्यातली माहिती कशी ठेवता येईल. दहाजणांतले सात-आठ उत्तर देत नाहीत. मागच्या महिन्यात एका मुलाने दिलं. त्याने विचारलं, “मॅडम, मग माझ्या गावाच्या यात्रेबद्दल मी काहीच लिहू शकत नाही का?” त्याला धूळपाटीचा दुवा दिला आणि विचारलं, यात्रेची बातमी वर्तमानपत्रात कधी आली होती का, कात्रण कुणाकडे असेल का. तो शोधतोय.

माझंही शोधणं चालू आहे. घाटांच्या पानावर नवसाच्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण अजून तशीच आहे आणि मी ती काढलेली नाही. गावातल्या जुन्या ग्रंथालयात उत्सवाच्या जुन्या पत्रिका आणि अहवालांचे गठ्ठे आहेत, असं बाबा म्हणतात. त्यांतले दोन पाहून झाले.