प्रश्न आधी तपासावेत का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. एखाद्या शाळेत अंतराळवीर येणार असे ठरले, की तिथल्या शिक्षकांचा मला हमखास प्रश्न येतो: मुलांचे प्रश्न आधी लिहून घेऊन तपासावेत का? आमच्याकडे दोन अंतराळवीर सकाळी शाळेत आणि संध्याकाळी गावकऱ्यांच्या सभेत आले, तेव्हा मी ते तपासले होते. पुन्हा तशी वेळ आली तर तपासणार नाही.

अंतराळ स्थानकाशी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या बिनतारी संचावरून, बोलायचे असेल, तर मात्र यादी हवीच. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून ताशी 28,000 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे ते स्थानक एका ठिकाणच्या क्षितिजावर जेमतेम दहा मिनिटे राहते, आणि तेवढ्यात एकेका मुलाने प्रश्न विचारून पुढच्याच्या हाती माइक द्यायचा असतो. समोर बसलेल्या पाहुण्याला अशी घाई नसते.

माझ्या यादीत बारा प्रश्न होते. ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसताना झोप कशी लागते?’ हा त्यांतला सातवा. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपतो, हे सांगून झाल्यावर पाहुण्यांनी फळ्याजवळचा खडू उचलून खाली सोडला आणि म्हणाले, की आम्हीही तिथे असेच पडत असतो. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पडत राहतात, पण आडवा वेग इतका असतो, की पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळत जातो आणि पडणे कधी संपत नाही. वजन जाणवत नाही ते त्यामुळे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तेव्हा माझ्याकडे पाहिले. तिने वहीत ‘वजन जाणवत नसताना’ असेच लिहिले होते. ते खोडून ‘गुरुत्वाकर्षण नसताना’ मी केले होते, आणि मी विज्ञान शिकवते.

शौचालयाचा प्रश्न मी अशोभनीय म्हणून गाळला होता, तो एका मुलाने तरीही विचारलाच. हवेच्या ओढीवर चालणारे ते यंत्र आणि लघवी शुद्ध करून पुन्हा पिण्याचे पाणी करण्याची व्यवस्था यांवर पाहुणे इतके रमून बोलले, की उरलेले तीन प्रश्न राहूनच गेले. त्याची खंत कोणालाही वाटली नाही.

संध्याकाळी कोणाचेच प्रश्न तपासलेले नव्हते. मुलांना तरंगण्याचे कुतूहल होते; मोठ्यांनी विचारले ते परतल्यानंतरच्या शरीराबद्दल. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्या एका आजींनी विचारले, की वजनच जाणवत नसेल तर हाडांचे काय होते. भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटू शकते, म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, आणि धावायचे तर पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर खाली ओढून धरावे लागते, असे त्यांना सांगण्यात आले. आजींनी क्षणभर विचार केला आणि पुन्हा हात वर केला: ‘मग ते पट्टे काचतात कुठे?’

पाहुण्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला, मग कमरेकडे.