नख अडलं ते आतून

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ माझं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. त्यात आतला आरसा चिकटवणं म्हणजे चिल्लर काम. दोनशे रुपये, अर्धा तास, वर गिऱ्हाइकाला चहा. गेल्या ऑक्टोबरातलं असलंच एक चिल्लर काम मात्र अजून डोक्यातून जात नाही.

दुपारी एकच्या सुमारास मुंबईहून पिवळ्या पाटीची सेडान आली. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, पण टोल वाचवायला कित्येक टॅक्सीवाले अजून कसाऱ्यानेच येतात. हाही तसाच आला होता. घाटातल्या एका वळणावर आरसा निखळून गिअरवर पडला म्हणे. आरसा हातात घेऊनच तो उतरला.

"दादा, चारचं भाडं आहे. एअरपोर्टचं. पटकन करून द्या."

आता हे काम पटकन का होत नाही ते सांगतो. आरसा थेट काचेला नसतो. काचेवर धातूचं अंगठ्याच्या नखाएवढं बटण चिकटवलेलं असतं, त्यावर आरशाचा दांडा वरून सरकवून बारका स्क्रू आवळायचा. बटणाची अरुंद बाजू वर. उलटं चिकटवलं की आरसा बसतच नाही, आणि हे कळतं तोवर गोंद धरलेला असतो. जुना गोंद ब्लेडने खरवडायचा, स्पिरिटने पुसायचं, बाहेरून मार्करने खूण करायची. मग बटणाला गोंद धरायला लावणारा ॲक्टिव्हेटर, तोही पुसटसा, कारण जास्त झाला की जोड कच्चा राहतो. वर एकच थेंब गोंद आणि मिनिटभर दाबून धरायचं. हा गोंद मोठा विचित्र. तो हवेत वाळत नाही. धातू आणि काचेमध्ये दाबला जाऊन हवा मिळेनाशी झाली की धरतो. कडेने बाहेर आलेला थेंब कितीतरी वेळ ओलाच राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, चिकटलंच नाही."

लोक मात्र दहा रुपयांची ट्यूब पिळतात. ती काचेवर उन्हाने ठिसूळ होते, महिना-दोन महिन्यांत आरसा खाली. मग व्हिडिओ बघून एखादा हुशार दोन कांड्या मळून सील लावतो. ते दगडासारखं घट्ट होतं, आणि खरा त्रास तिथेच आहे. उन्हात, एसीत काच आणि ते ढेकूळ सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत. ढेकूळ सोडायला तयार नसतं, मग काच सोडते.

या गाडीच्या काचेवर तसलंच करड्या रंगाचं अर्धं ढेकूळ उरलं होतं. नुसत्या ब्लेडने हलेना. एरवी मी गाडी सावलीत घेतो, दारं उघडी टाकून दहा मिनिटं थांबतो. त्या दिवशी नाही थांबलो. काच बाहेरून तापलेली, आतून एसीने गार, आणि मी सरळ हीट गन धरली. पोऱ्या मागून म्हणाला, "दादा, गार आहे अजून." मी म्हटलं, "तू चहा सांग."

टिक् एवढाच आवाज आला. ढेकळाखालून एक रेघ निघाली आणि शांतपणे ड्रायव्हरच्या बाजूला वीतभर गेली.

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. तडा कुठल्या काचेला आहे ते नखाने कळतं. मी बाहेरून नख फिरवलं, गुळगुळीत. आतून फिरवलं, अडलं.

ड्रायव्हर आधी काहीच बोलला नाही. त्याने पॅसेंजरला फोन लावून दुसरी गाडी बघायला सांगितली. मग हळूच म्हणाला, "दादा, घाटात खडी उडत होती. दगडच लागला असेल ना?"

त्याचं म्हणणं मला कळलं. गाडीला फुल इन्शुरन्स होता. काचेवर घसारा धरत नाहीत, म्हणजे क्लेम बसला तर त्याचे फार जात नाहीत. आणि माझे तर काहीच जात नाहीत. नवी काच साडेचार हजारांची होती.

हल्ली एवढ्याशा कामाला विमा कंपनीचा माणूस येईलच असं नाही. कंपनीने मोबाइलवर व्हिडिओ मागवला. त्याचा फोन मी धरला, कारण त्याचा हात थरथरत होता. तो काचेसमोर उभा राहून बोलला, "कसारा घाटात दगड लागला." मी तडा जवळून दाखवला. नंबर प्लेट दाखवली. बोललो काहीच नाही. व्हिडिओ बघणाऱ्याला नख फिरवता येत नाही.

क्लेम पास झाला, काच मीच बसवली. पीयू, म्हणजे काच बसवायचा गोंद, सुकायला म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. त्याचे दोन दिवस बुडाले, त्याचे मी काही दिले नाहीत. आरशाचे दोनशे तेवढे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी गल्ला मोजताना त्याचं जुनं बटण हाती लागलं. पाठीवर करडं सील होतं आणि सीलमध्ये रुतलेली काचेची टिकली, शिंपल्यासारखी खोलगट. म्हणजे आरसा पडताना काच आधीच सोलली गेली होती. उरलेल्या ढेकळाखाली तो खड्डा मला दिसला नाही. मी तापवली नसती तरी चार दिवसांत तडा गेलाच असता, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग व्हिडिओत हेच का नाही दाखवलं?"

पोऱ्याला मी पहिल्या दिवसापासून शिकवतोय, आधी पडलेलं बघ, मग उरलेलं. त्या दिवशी पडलेलं त्या ड्रायव्हरच्या हातात होतं आणि मी ते बघितलं नाही. पोऱ्या याबद्दल एक अक्षर बोललेला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर त्याच ड्रायव्हरने दोन टॅक्सीवाले पाठवले. एकाच्या काचेला तडा होता. उतरता उतरताच म्हणाला, "घाटात दगड लागलाय दादा, तुम्हाला माहितीये ना कसं सांगायचं."

मी बाहेरून नख फिरवलं. अडलं. दगडच होता.