गॅलिपोली: भारतीय नावांपर्यंत पोहोचताना

गॅलिपोली हे तुर्कस्तानातील द्वीपकल्प म्हणजे पहिल्या महायुद्धातील एक रणभूमी. तेथे जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांचा मार्ग ठरलेला असतो. इस्तंबूलहून बसने चार-पाच तासांत एजेआबात गाठायचे, एखाद्या सहल कंपनीच्या गाडीतून अंझॅक कोव्ह, लोन पाइन आणि चुनुक बेअर पाहायचे आणि संध्याकाळी बोटीने सामुद्रधुनी ओलांडून चानाक्काले शहरात मुक्कामाला जायचे. या मार्गावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड (त्यांच्या सैन्याला मिळून ‘अंझॅक’ म्हणत) पावलोपावली भेटतात, तुर्कस्तान तर आहेच. भारत मात्र जवळजवळ कोठेच भेटत नाही. १९१५ मध्ये या चिंचोळ्या द्वीपकल्पावर ब्रिटिश सैन्याबरोबर आलेले १५,००० च्या आसपास भारतीय होते आणि त्यांपैकी सुमारे दीड हजार तेथेच मेले, हे मी वाचले होते. म्हणून ठरलेल्या सहलीपेक्षा वेगळा आराखडा करावा लागणार, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट होते.

व्हिसाचे काम सांगण्यासारखे फारसे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, पण त्यासाठी शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कोठला तरी वैध व्हिसा किंवा रहिवासी परवाना हाताशी असावा लागतो. तो नसल्याने मला मुंबईतून कागदपत्रे जोडून नेहमीचा अर्ज करावा लागला. त्याहून महत्त्वाची तयारी घरबसल्या करायची होती. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर स्मारकाचे नाव आणि सैनिक कोणत्या देशाच्या सैन्यातला होता हे निवडले की नावांची यादी मिळते. प्रत्येक नावापुढे हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकावरील फलकाचा क्रमांक दिलेला असतो. भारतीय नावांच्या फलकांचे क्रमांक मी कागदावर उतरवून घेतले. हे केले नसते, तर हजारो इंग्रजी नावांच्या भिंतींपुढे नुसतेच फिरावे लागले असते.

तारखांबद्दल एक सूचना. २५ एप्रिलला येथे अंझॅक दिनाची पहाटेची प्रार्थना होते आणि त्या सुमारास बंदोबस्त व गर्दी या दोन्हींमुळे स्वतःच्या मनाप्रमाणे हिंडणे अवघड होते. १८ मार्च हा तुर्कांचा विजयदिन. १९१५ मध्ये त्याच तारखेला ब्रिटिश व फ्रेंच आरमाराने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बळाने पार करण्याचा प्रयत्न केला आणि सुरुंगांच्या पट्ट्यात ‘बूव्हे’, ‘इररेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ ही तीन मोठी जहाजे गमावली. समुद्रातून वाट मिळेना, म्हणून मग जमिनीवर सैन्य उतरवण्याचा बेत झाला. मी हे दोन्ही दिवस टाळून शरद ऋतूत गेले. हवा सौम्य होती आणि स्मारकांवर माणसे तुरळक होती.

पहिला थांबा कबातेपे येथील संग्रहालयाचा होता. एजेआबातहून तेथे मिनीबसने जाता येते. २०१२ मध्ये उघडलेल्या या केंद्रात अकरा दालने असून प्रेक्षकांचा गट एका दालनातून पुढच्या दालनात नेला जातो. पडद्यावर जहाजे येतात, तोफा धडाडतात, पायाखालची जमीन हादरते आणि कानाला लावलेल्या यंत्रातून निवेदन ऐकू येते. शाळकरी मुलांना हा प्रकार फार आवडत असावा, कारण माझ्या गटातील मुले प्रत्येक हादऱ्याला ओरडत होती. मला स्वतःला युद्धाचे असे थरारक रूप पटत नाही. त्यापेक्षा काचेच्या कपाटांतील गणवेश, पाण्याच्या बाटल्या आणि हवेत एकमेकींवर आदळून एकजीव झालेल्या बंदुकीच्या गोळ्या मी अधिक वेळ पाहत राहिले. मोहिमेचा क्रम मात्र या दालनांतून नीट कळतो, त्यामुळे सुरुवात येथून करावी. कथन अर्थातच तुर्की बाजूचे आहे. हल्ला त्यांच्या भूमीवर झाला होता, तेव्हा त्यात वावगे काही नाही; पण त्या कथनात समोरचा शत्रू म्हणजे इंग्रज, फ्रेंच आणि अंझॅक, आणि भारतीयांचा उल्लेख मला जवळपास आढळला नाही.

कबातेपेपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर अंझॅक कोव्ह आहे. जेमतेम सहाशे मीटर लांबीची ही वाळूची पट्टी आणि तिच्या पाठीमागे लगेच उभा चढणारा, ओढ्यांनी चिरलेला डोंगर पाहिल्यावर आठ महिने सैन्य येथेच का अडकून पडले, याचे उत्तर नकाशाविना मिळते. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलियन सैनिक येथे उतरले आणि त्याच सकाळी त्यांच्यामागोमाग २६ वी जेकब्स माउंटन बॅटरी किनाऱ्याला लागली. या डोंगरी तोफखान्याच्या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादता येत, त्यामुळे जेथे चाकांची तोफ चढणे शक्यच नव्हते तेथे त्या नेता आल्या. आज लोन पाइनचे स्मारक ज्या पठारावर आहे, त्याच पठारावर त्या दिवशी या तोफा डागल्या गेल्या आणि दुपारपर्यंत त्यांना मागेही घ्यावे लागले. म्हणजे ठरलेल्या सहलीतही भारतीयांची जागा आहे, फक्त ती कोणी दाखवत नाही.

तोफखान्याखेरीज खेचरांचा ताफाही भारतीय होता. दोन खेचरे जोडलेल्या छोट्या गाड्यांतून पाणी, दारूगोळा आणि अन्न आघाडीवर पोहोचवणाऱ्या गाडीवानांना सैन्यात ‘ड्राबी’ म्हणत. किनाऱ्यावर तुर्की तोफांचा मारा असल्याने त्यांची बरीच वाहतूक रात्री चाले. अंझॅकच्या उत्तर टोकाकडील एका घळीचे नाव आजही म्यूल गली असे आहे. बीच सेमेटरी या दफनभूमीत जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक याचे थडगे आहे. गाढवावरून जखमींना खाली आणणारा हा शुश्रूषा दलातील सैनिक ऑस्ट्रेलियात घरोघरी माहीत आहे. तो आपल्या तुकडीऐवजी भारतीय तोफखान्याच्या खेचरतळावर राहत असे, त्यांचेच जेवण जेवत असे आणि तेथील लोक त्याला ‘बहादूर’ म्हणत, ही हकीकत मात्र त्याच्या थडग्यापाशी थांबणाऱ्या सर्वांनाच ऐकायला मिळते असे नाही.

आरिबुर्नु येथील शिळेवर शत्रुसैनिकांच्या मातांना दिलासा देणारे, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क यांचे म्हणून कोरलेले शब्द लोक वाचतात आणि गहिवरतात. ते शब्द खरोखर त्यांचे आहेत का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ते ठाऊक असल्याने मी कदाचित कोरडेपणाने पुढे गेले. चुनुक बेअरच्या माथ्यावर न्यूझीलंडचे स्मारक आणि मुस्तफा केमाल यांचा पुतळा जवळजवळ उभे आहेत. ९ ऑगस्टला सहाव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीचे जवान याच रांगेच्या धारेवर पोहोचले होते. तेथून पलीकडे सामुद्रधुनीचे पाणी दिसते, ज्यासाठी सारी मोहीम होती ते. तोफांच्या माऱ्याखाली त्यांना लगेच उतरावे लागले. त्या हल्ल्यात जखमी झालेला विल्यम स्लिम नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी गुरख्यांच्या त्या लढण्याने इतका प्रभावित झाला, की पुढे तो गुरखा पलटणीतच दाखल झाला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचा सेनापती झाला.

दक्षिणेकडील टोक, म्हणजे हेलेस, हा माझ्या प्रवासाचा खरा हेतू होता आणि तेथे पोहोचणे सर्वांत कटकटीचे ठरले. तिकडे सार्वजनिक वाहने थोडी आहेत आणि सहली प्रामुख्याने अंझॅककडेच वळतात. शेवटी एजेआबातमधून दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली. चालकाला इंग्रजी येत नव्हते, पण नकाशावर बोट ठेवल्यावर त्याने मान हलवली आणि सेद्दुलबाहिर गावापर्यंत अबोलपणे नेऊन सोडले.

सेद्दुलबाहिरचा किल्ला सतराव्या शतकात सुलतान चौथ्या मेहमेदची आई तुर्हान सुलतान हिने बांधवला. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला आहे आणि माझ्या मते संपूर्ण द्वीपकल्पातील हे सर्वांत संयमित संग्रहालय आहे. तोफांनी फोडलेल्या भिंती गुळगुळीत न करता तशाच ठेवल्या आहेत. तटावरून खाली पाहिले की व्ही बीच, म्हणजे ब्रिटिश सैन्य उतरले तो एक किनारा, पूर्ण दिसतो. ‘रिव्हर क्लाइड’ हे कोळसावाहू जहाज मुद्दाम या किनाऱ्यावर आणून रुतवले गेले आणि त्याच्या पोटातील सुमारे दोन हजार सैनिक कडेच्या दारांतून बाहेर पडू लागताच मशीनगनच्या माऱ्यात सापडले. उतरण्याची जागा आणि गोळ्या झाडण्याची जागा यांतील अंतर इतके कमी आहे, की त्यावर वेगळ्या भाष्याची गरज पडत नाही.

तेथून हेलेस स्मारकापर्यंत मी चालत गेले. तीस मीटरहून उंच असा हा दगडी स्तंभ सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांना दिसावा अशा बेताने उभारलेला आहे आणि त्याच्या भोवतीच्या भिंतींवर ज्यांचे थडगे सापडत नाही अशा सुमारे २१,००० जणांची नावे आहेत. कागदावरील क्रमांक पाहत मी भारतीय पलटणींपर्यंत पोहोचले. चौदाव्या शीख पलटणीची नावे वाचताना ‘सिंग’ हा शब्द ओळीमागून ओळ येत राहतो. ४ जून १९१५ रोजी क्रिथियाच्या तिसऱ्या लढाईत, गली रॅव्हिन या घळीच्या कडेने पुढे सरकताना या पलटणीचे सुमारे तीन-चतुर्थांश जवान मृत वा जखमी झाले. हिंदू आणि शिखांमध्ये दहनाची रीत असल्यामुळे त्यांची थडगी शोधण्यात तसाही अर्थ नव्हता. त्यांचे येथे जे काही आहे ते या भिंतीवरच आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातील. आमच्याकडे पहिल्या महायुद्धाची आठवण निघते ती बसऱ्याची, कारण मराठा पलटणी तुर्कांशी लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. आमच्याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जण गमावले आणि आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. बसरा येथेही या आयोगाचे असेच मोठे स्मारक आहे, पण त्याच्या भिंतींवर भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या. आयोगाने स्वतःच्या या भेदभावाची कबुली २०२१ च्या अहवालात दिली. त्यामुळे हेलेसच्या भिंतीवर एका साध्या शिपायाचे नाव हुद्द्यासह वाचताना मला समाधान वाटले आणि त्याच वेळी हेवाही वाटला.

परतीच्या वाटेवर मोर्तो उपसागराजवळचे तुर्की हुतात्म्यांचे ४१.७ मीटर उंचीचे स्मारक पाहिले. चार खांबांवरील ते प्रचंड छत आणि बसमधून उतरणाऱ्या कुटुंबांची वर्दळ यांत शांतपणे काही वाचणे शक्य नव्हते. पण प्रतीकात्मक समाधिशिळांवर प्रत्येक सैनिकाचे मूळ गाव किंवा प्रांत दिलेला आहे आणि लोक आपापल्या प्रांताची नावे शोधत हिंडतात, हे पाहण्यासारखे होते.

ज्यांच्याजवळ एकच दिवस आहे अशा भारतीय वाचकांना मी कबातेपेचे केंद्र वगळायला सांगेन. सकाळी अंझॅक कोव्ह आणि लोन पाइन उरकावे, चुनुक बेअरला जायचे तर धावती भेट द्यावी आणि दुपारनंतरचा सर्व वेळ हेलेससाठी राखावा. टॅक्सीचे भाडे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे, पाणी आणि खाणे सोबत ठेवावे, कारण स्मारकाजवळ दुकान नाही. आणि फलकांचे क्रमांक घरूनच उतरवून न्यावेत.