'हेलिगोलँड' लागायला मला दहा आठवडे लागले : माझा अनुभव

८ फेब्रुवारी २०१०, सोमवार. ऑफिस सुटल्यावर मी घरी न जाता थेट इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या सेंटरला गेले आणि तिथल्याच मॅसिव्ह अटॅक या बँडचा 'हेलिगोलँड' हा अल्बम घेऊन आले, त्याच दिवशी रिलीज झाला होता. सात वर्षांनी आलेला अल्बम आणि मी त्यांच्याच गावात राहतेय, मला किती आनंद झाला होता ते शब्दात नाही सांगता यायचं. रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर लावला, दहाच्या दहा गाणी ऐकली आणि नंतर नुसती बसून राहिले कारण मला त्यात काहीही सापडलं नव्हतं. पुढचे दहा आठवडे मी तो कसा ऐकत गेले ते लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण बरेच जण हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

थोडं मागचं सांगते. मी मिरजेची. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कुणाकडे तरी नुसरत फतेह अली खानांच्या 'मस्त मस्त'चा रीमिक्स होता, १९९० मधला, तो मॅसिव्ह अटॅकने केलाय हे मला फार नंतर कळलं. मग कॉपी केलेली 'मेझनीन'ची सीडी मिळाली, १९९८ चा अल्बम, आणि मग बाकी सगळं उलट्या क्रमाने, १९९४ चा 'प्रोटेक्शन', १९९१ चा 'ब्लू लाइन्स'. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने विमानाच्या पंखांच्या डिझाईनच्या कामासाठी ब्रिस्टलजवळ फिल्टनला पाठवलं तेव्हा आई थंडीचे कपडे भरत होती आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे तर मॅसिव्ह अटॅकचं गाव.

त्या वेळी त्यांची अवस्था काय होती ते माहीत असलं तर हा अल्बम जरा जास्त कळतो. बँडमधले तिघे म्हणजे थ्रीडी, डॅडी जी आणि मशरूम, ही त्यांची टोपणनावं. 'मेझनीन'च्या वेळी तिघांत बिनसलं आणि १९९९ मध्ये मशरूम बाहेर पडला. डॅडी जी काही काळ लांब राहिला, त्यामुळे २००३ चा 'हंड्रेड्थ विंडो' जवळजवळ एकट्या थ्रीडीने नील डेव्हिज या प्रोड्यूसरबरोबर केला, तो मला कायम काचेच्या पलीकडून ऐकल्यासारखा वाटतो, सुंदर आहे पण हात लागत नाही. 'हेलिगोलँड'मध्ये डॅडी जी परत आला होता. म्हणजे मोठी बातमीच. पण त्याचा गाजावाजा अल्बममध्ये कुठेच नाही, कुणी दार धाडकन उघडून आत येत नाही, घरातलं माणूस रात्री उशिरा येतं, चपला काढतं आणि गुपचूप पाणी पितं, तसं आहे सगळं.

मी टीममधल्या एका सीनिअरना म्हटलं की मला नाही आवडला. साठीला आलेले, जन्मापासून ब्रिस्टलचे, ऐंशीच्या दशकात पार्क रोवरच्या डगआउट क्लबमध्ये वाइल्ड बंच या गाणी वाजवणाऱ्या ग्रुपच्या रात्रींना जायचे, ज्यातून पुढे मॅसिव्ह अटॅकचे लोक आले. त्यांनी एकच विचारलं, कशावर ऐकलास? लॅपटॉपवर म्हटल्यावर म्हणाले, मग तू अजून ऐकलेलाच नाहीस.

मला आधी ते जुन्या लोकांचं बोलणं वाटलं. पण मी इंजिनिअर आहे, विचार केल्यावर पटलं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि लॅपटॉपचे इवलेसे स्पीकर त्याच्या कितीतरी वरपासून बोलायला लागतात, म्हणजे खालचा सगळा मजला गायब. ज्या संगीताचा पायाच साउंड सिस्टीममध्ये, म्हणजे पार्टीत लावायच्या मोठाल्या स्पीकरांत आहे, जमैकन डबमध्ये म्हणजे रेगेच्या बेसवर उभ्या असलेल्या प्रकारात आहे, त्याचा बेस काढून टाकल्यावर उरतं काय, तर कुजबुज. मी कुजबुज ऐकून निकाल दिला होता.

मग शोधाशोध. ग्लॉस्टर रोडवर चॅरिटी शॉप्सची रांगच आहे, तीन शनिवार फिरले आणि एक जुना अँप्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर मिळाले, बसमधून दोन खेपांत आणले. लावले तर भलतंच, नुसता घूं घूं असा गोळा, शब्द कळेनात. पहिल्यांदा वाटलं स्पीकर फाटलेत. पण चूक माझीच होती, मी ते कोपऱ्यात जमिनीवर ठेवले होते आणि कोपऱ्यात बेस फुगतो. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढले, खाली विटा घातल्या, विटांवर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, दोन्ही तोंडं थोडी आत वळवली आणि बसायची जागा ठरवली. दोन संध्याकाळी गेल्या यात. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहायच्या, त्यांना जाऊन आधीच विचारलं, त्या म्हणाल्या साडेसात ते साडेआठ मी टीव्ही बघते तेव्हा लाव. अल्बम साधारण ५२ मिनिटांचा आहे, बरोबर बसत होता.

इथून पुढे खरं ऐकणं सुरू झालं. आणि तरीही लगेच उघडला नाहीच. आवाज समजला, गाणी समजेनात.

माझी अडचण पाहुण्या गायकांशी होती. नावं बघा ना, पहिल्या 'प्रे फॉर रेन'ला न्यूयॉर्कच्या टीव्ही ऑन द रेडिओ बँडचा तुंडे अडेबिम्पे, 'बेबल' आणि 'सायकी' मार्टिना टॉप्ली-बर्डची, 'फ्लॅट ऑफ द ब्लेड'ला एल्बो बँडचा गाय गार्वी, 'पॅराडाइज सर्कस'ला होप सँडोव्हाल, 'सॅटरडे कम स्लो'ला डेमन अल्बार्न, आणि अर्थात होरेस अँडी. यातला प्रत्येक जण एकट्याने हॉल भरवणारा. मी वाट बघत होते की आता हा सुटेल, आता ही वर जाईल, 'मेझनीन'मधल्या 'टिअरड्रॉप'मध्ये एलिझाबेथ फ्रेझरच्या आवाजाने जसं एकदम आभाळ उघडतं तसं काहीतरी होईल. होतच नाही. सगळे आत दबून गातात. मला वाटायचं एवढी माणसं बोलावून त्यांना बसवून ठेवलंय.

मार्चमध्ये एका रात्री 'स्प्लिटिंग द अॅटम' चालू होतं. ऑर्गनसारखे तुटक सूर, टाळ्यांसारखा एकसुरी ठेका, डॅडी जीचा खर्जातला आवाज. मी डोळे मिटले होते आणि मला एकदम सतारमेकर गल्ली दिसली. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी अप्पा, म्हणजे माझे आजोबा, तंबोरा दुरुस्तीला द्यायचे तेव्हा मला बरोबर न्यायचे. कारागीर घोडी घासायचा, तार छेडायचा, परत घासायचा, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, आणि एका जागी दोरा आला की मेलेली तार अचानक बोलायला लागायची, एका सुरातून दहा सूर निघाल्यासारखे. त्याला जवारी म्हणतात. अप्पा सांगायचे, तंबोऱ्याकडे बघू नकोस, त्याच्यात बस. बाकीचं गाणं त्याच्यावर ठेवायचं असतं.

तेव्हा लक्षात आलं की मी या अल्बममध्ये गायक शोधत होते आणि तंबोरा ऐकतच नव्हते. इथे खाली जे चाललंय, तो बेस, ती किंचित बेसूर झाल्यासारखी सिंथेसायझरची भणभण, ते मुख्य आहे आणि पाहुणे त्याच्यात येऊन बसलेत. कुणालाही त्याच्या वर चढायचं नाहीये. म्हणून अडेबिम्पे मंत्र म्हटल्यासारखा गातो, पियानो आणि जाड ढोलांवर, आणि गाण्याच्या मध्येच एकदा अचानक आवाज फुलतात, ढग फुटल्यासारखे, आणि पुन्हा मिटतात. 'सायकी'त तर ड्रमच नाहीत, एक नक्षी गोल गोल फिरत राहते आणि मार्टिना तिच्यात मिसळून जाते. तंबोऱ्याची तुलना सगळीकडे लागू पडते असं माझं म्हणणं नाही, हे लोक काही किराणा घराण्याचे नव्हेत, पण मला कान कुठे ठेवायचा ते तिने सांगितलं.

होरेस अँडीबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं. जमैकाचा, १९५१ चा जन्म, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा एकोणसाठीच्या उंबऱ्यावर. 'ब्लू लाइन्स'पासून पाचही अल्बममध्ये गायलेला तो एकटाच पाहुणा आहे, आणि वीस वर्षं येतोय त्याला पाहुणा तरी का म्हणायचं. मूळ सभासद निघून गेला, दुसरा काही काळ दूर राहिला, पण हा दर वेळी आला. त्याचा तो थरथरता, उंच, जवळजवळ रडवेला आवाज. 'गर्ल आय लव्ह यू' हे त्याचंच सत्तरच्या दशकातलं जुनं गाणं आहे, ते इथे पुन्हा घेतलंय, 'मेझनीन'मधल्या 'एंजल'लाही त्याच्याच जुन्या गाण्याचा आधार होता. तरुणपणी म्हटलेलं प्रेमाचं गाणं माणूस साठीला आल्यावर परत म्हणतोय आणि आता खाली हा असा धोक्याची सूचना दिल्यासारखा बेस आहे आणि पुढे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, चढत चढत अंगावर येतात. शब्द तेच असतील, अर्थ तोच राहत नाही. माझं या अल्बममधलं सगळ्यात आवडतं गाणं हेच, लोक 'पॅराडाइज सर्कस' म्हणतील, बीबीसीच्या 'ल्यूथर' या मालिकेमुळे ते जास्त माहीत झालं आणि ते आहेच अप्रतिम, होप सँडोव्हाल कानाशी बोलल्यासारखी गाते आणि शेवटी व्हायोलिन येतात तेव्हा श्वास अडकतो. पण माझं मत 'गर्ल आय लव्ह यू'ला.

आता एप्रिल. भावाचा साखरपुडा १८ तारखेला, रविवारी. माझं तिकीट १५ चं, गुरुवारचं. बॅग भरून दारात ठेवलेली. आणि आइसलंडमध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला, राखेचा ढग आला आणि त्याच दिवशी ब्रिटनचं आकाश बंद झालं, एकही विमान नाही. सुरुवातीला वाटलं उद्या सुटेल, मग परवा. शनिवारी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं विमानंच नाहीत तर तू काय करणार? जेवलीस का? आम्ही फोटो काढतो की भरपूर." आणि पलीकडे सगळ्या मावश्यांचा आवाज, कुणीतरी पाटावरून भांडतंय, अप्पा ओरडून विचारतायत पोरगी निघाली का. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

रविवारी सकाळी मिरजेत कार्यक्रम चालू असणार अशा वेळी मला जाग आली आणि बाहेर विलक्षण शांतता होती. फिल्टनच्या बाजूला राहणाऱ्याला विमानाचा आवाज मोजावा लागत नाही, तो असतोच. तो नव्हता. आकाश निळंभोर, एकही पांढरी रेघ नाही. खालच्या बाई मुलीकडे गेल्या होत्या. मी स्पीकर लावले, आवाज नेहमीपेक्षा कमीच ठेवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, मग परत ऐकला. तेव्हा तो लागला. सूर लागतो म्हणतो ना आपण, तसा. बाहेरचं सगळं गप्प झाल्यावर त्या गाण्यांमधलं लहान लहान वर आलं, 'पॅराडाइज सर्कस'मधल्या टाळ्यांच्या मागची हवा, 'फ्लॅट ऑफ द ब्लेड'मध्ये गार्वीच्या आवाजाभोवती काचा चुरल्यासारखे आवाज आणि मग शेवटाकडे हळूच आलेले ब्रास, जे मला दोन महिने नुसते विस्कटलेले वाटले होते. 'सॅटरडे कम स्लो'मध्ये अल्बार्नचा आवाज जवळजवळ उघडा आहे, लपवायला काही नाही, ते ऐकताना घरची इतकी आठवण आली की मध्येच थांबवावं लागलं. आणि शेवटचं 'अॅटलस एअर', पावणेआठ मिनिटांचं, थ्रीडी पुटपुटतोय आणि खालची लय धावतेय धावतेय, आणि खिडकीबाहेर एकही विमान नाही.

त्याच दिवसात हेलिगोलँड म्हणजे काय ते शोधून वाचलं. उत्तर समुद्रातलं जर्मनीचं छोटं बेट. आधी ब्रिटिशांकडे होतं, १८९० मध्ये झांझिबारच्या बाजूच्या देवाणघेवाणीत त्यांनी ते जर्मनीला दिलं. १९२५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग परागकणांच्या अॅलर्जीने हैराण होऊन तिथे गेला आणि तिथेच त्याला क्वांटम मेकॅनिक्सची दिशा सापडली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १८ एप्रिल १९४७ ला, ब्रिटिश नौदलाने तिथे हजारो टन स्फोटकं एकदम उडवली. बेटाचा आकार बदलला पण बेट राहिलं. १८ एप्रिल ही तारीख वाचून मी दचकलेच, तोच दिवस होता. बँडने नाव नेमकं कशासाठी घेतलं असेल ते असो, मला मात्र तेव्हापासून हा अल्बम त्या बेटासारखाच दिसतो, वाऱ्यातला, उरलेला.

२० तारखेच्या रात्री आकाश उघडलं. मला पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळालं, घरी गेले तेव्हा साखरपुड्याचे लाडू आईने डब्यात जपून ठेवले होते. सोमवारी ऑफिसला परत आल्यावर त्या सीनिअरना सांगितलं की ऐकला, त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, कोणतं? मी म्हटलं होरेस अँडी. ते म्हणाले, अर्थात.

स्पीकर मी २०११ मध्ये परत येताना खालच्या बाईंच्या नातवाला दिले. आता पुण्यात दुसरे आहेत, तेही भिंतीपासून अडीच फूट. सीडी तीच. एक गाणं मात्र राहिलंय, आठवं, 'रश मिनिट', ते मला आजपर्यंत लागलेलं नाही, थ्रीडीचा आवाज आहे, गिटार आहे, सगळं जागच्या जागी आहे आणि तरी मी बाहेरच उभी राहते. दर फेब्रुवारीत पुन्हा लावते. या वर्षी शेवटचं अर्धं मिनिट थोडं सरकल्यासारखं वाटलं.